डॉक्टर होणाऱ्या मुलांची मने



काल याच व्यासपीठावर ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झाले. उद्या एक शास्त्रज्ञ ग्रहताऱ्यांविषयी बोलणार आहेत. अध्यात्म आणि आकाश यांच्या मधल्या दिवशी चालकांनी माझ्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाला उभे केले, यात त्यांचे धाडस अधिक आहे. विषय छापून आला तेव्हा माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने विचारलेच, "पगारवाढ आणि बोनस सोडून तू डॉक्टरांच्या मनात कशाला शिरतोस?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो. माझी शाळा सातवीत सुटली. १९८२ च्या गिरणी संपानंतर आमच्या घरात शिकण्यापेक्षा खाण्याचा प्रश्न मोठा होता. पुढे जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. वैद्यकशास्त्राचा मला काडीचा अधिकार नाही. परंतु गेली पंचवीस वर्षे मी रुग्णालयांतील कामगारांची संघटना बांधतो आहे. झाडूवाले, कक्षसेवक, आया ही ती माणसे. रुग्णालयात यांना 'मामा' आणि 'मावशी' म्हणतात. विद्यार्थी येतात आणि पास होऊन जातात, डॉक्टरांच्या बदल्या होतात. मामा आणि मावशी मात्र त्याच वॉर्डात तीस तीस वर्षे असतात. त्यांना पुष्कळ दिसते. त्यांना जे दिसले त्यातूनच हा विषय माझ्यापर्यंत आला.

मनोविकारांच्या वॉर्डात काम करणारी एक मावशी आमच्या संघटनेची सभासद आहे. एकदा तिचे काही थकबाकीचे काम घेऊन मी गेलो असता ती बोलता बोलता म्हणाली, "भाऊ, ही डॉक्टरकीची पोरं पहिल्या दिवशी आमच्याकडं येतात तेव्हा एकमेकांना कोपरं मारून हसतात. तिसऱ्या दिवशी गप्प होतात. आठव्या दिवशी बघा, पेशंटकडं बघायचं टाळून नुसती वहीत बघतात." मी म्हटले, "भीती वाटत असेल." ती म्हणाली, "पेशंटची नाही वाटत. स्वतःची वाटते."

आजच्या व्याख्यानाचे सूत्र म्हणाल तर या चार शब्दांत आहे. बाकी जे सांगणार आहे तो त्याचा विस्तार.

वैद्यकाच्या मुलाला पहिल्याच वर्षी प्रेताची चिरफाड करावी लागते हे आपल्याला ठाऊक आहे. त्या दालनातला उग्र वास, टेबलावरचे निश्चल शरीर, पहिल्या दिवशी कोणाला तरी आलेली घेरी, यांच्या गोष्टी प्रत्येक डॉक्टर रंगवून सांगतो. ती भीती मोठी असते, पण सरळ असते. तिच्यात मी जिवंत आणि समोरचा मेलेला, हा भेद स्वच्छ असतो. पुढे वॉर्डात आल्यावर मोडलेले हाड, सुजलेले यकृत, फुप्फुसातले पाणी अशा गोष्टी दिसतात. त्याही दुसऱ्याच्या शरीरात असतात, आणि क्ष-किरणांनी किंवा रक्त तपासून दाखवता येतात.

मनोविकारांच्या वॉर्डात गोष्ट निराळी होते. बहुधा दोन आठवड्यांसाठी मुले तिथे पाठवली जातात. समोर बसलेला रोगी हातीपायी धड असतो. तो आपल्यासारखेच बोलतो. कधी तो विद्यार्थ्याच्याच वयाचा आणि त्याच्याच गावाकडचा असतो, अभियांत्रिकी शिकताना मध्येच आजारी पडलेला. मुलगा त्याला प्रश्न विचारतो: झोप लागते का? भूक कशी आहे? कशात मन रमते का? जगण्याचा कंटाळा येतो का? हे प्रश्न विचारता विचारता मनातल्या मनात तो स्वतःही उत्तरे देत असतो, आणि त्याच्या लक्षात येते की परीक्षेच्या आधी महिनाभर आपलीही उत्तरे फारशी वेगळी नव्हती.

दुसऱ्याचा आजार वाचून तो आपल्याला झाला असे वाटणे ही काही नवी गोष्ट नव्हे. जेरोम के. जेरोम या इंग्रज विनोदकाराचे तीन मित्रांच्या नौकाविहाराचे पुस्तक १८८९ साली निघाले. त्याच्या आरंभीच नायक ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वैद्यकाचा ग्रंथ चाळायला बसतो, आणि मोलकरणींना होणारा एक गुडघ्याचा विकार सोडला तर वर्णमालेतल्या साऱ्या व्याधी आपल्या देहात नांदत आहेत असे त्याला आढळते. आपण ते वाचून हसतो. पण १९०८ साली बोस्टनचे जॉर्ज वॉल्टन या मज्जारोगतज्ज्ञाने गंभीरपणे लिहून ठेवले की, शिकत असलेला रोग आपल्यालाच जडला आहे या धास्तीने विद्यार्थी आपल्या शिक्षकांकडे सारखे येत असतात. १९६४ आणि १९६६ साली कॅनडा व अमेरिकेतून दोन पाहण्या प्रसिद्ध झाल्या. दहांतल्या सात-आठ विद्यार्थ्यांना शिक्षणकाळात कधी ना कधी अशी निराधार भीती वाटून गेली होती, असे त्यांत नोंदले आहे. तेव्हापासून याला 'वैद्यकाच्या विद्यार्थ्यांचा रोग' असे नावच पडले.

पुढच्या संशोधकांनी मात्र एक साधा प्रश्न विचारला: हे भय इतर तरुणांना वाटत नाही काय? १९८६ साली वैद्यकाच्या मुलांची कायद्याच्या मुलांशी तुलना केली गेली, २००४ साली लंडनमध्ये इतर शाखांच्या विद्यार्थ्यांशी केली गेली. दोन्ही वेळा असे दिसले की आपल्या आरोग्याची चिंता वैद्यकाच्या मुलांनाच विशेष जडते असे काही नाही. म्हणजे ज्याला आपण त्यांचा खास रोग म्हणून हसत होतो, ती पुष्कळशी माणसाचीच रीत निघाली. ज्याकडे लक्ष जाते ते मोठे दिसते. चप्पल टोचू लागली की दिवसभर पाय आठवतो, एरवी पाय आहे हेही स्मरत नाही.

तरीही मनाच्या बाबतीत या भीतीला एक जास्तीची धार आहे, आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. हृदयरोगाचे भय वाटलेल्या मुलाचा हृदयालेख काढून त्याला दाखवता येतो, आणि तो निश्चिंत होऊन झोपतो. "मला वेड तर लागणार नाही ना?" या शंकेला असा कागद नाही. शिवाय शरीराच्या रोगाचा विचार करताना माणूस मनाने करतो. मनाच्याच रोगाची शंका आली की तपासणारा आणि ज्याची तपासणी व्हायची तो, दोघे एकच होऊन बसतात. ज्या तराजूने वजन करायचे त्याच तराजूबद्दल संशय आला तर व्यापाऱ्याने काय करावे? त्याने दुसऱ्याचा तराजू मागावा, हे उत्तर. पण त्यासाठी "माझ्या तराजूत खोट असेल असे मला वाटते" हे शेजाऱ्याला सांगावे लागते. नेमके तेवढेच आपल्याकडे कोणी सांगत नाही.

खरे तर शास्त्र यात पुष्कळ दिलासा देते. मनोविकारांची लक्षणे बहुतेक आपल्या सर्वांच्या ओळखीची असतात. रात्री दाराला कुलूप लावले की नाही हे एकदा उठून पाहतो तो सावध गृहस्थ. तोच माणूस चाळीस वेळा उठत असेल, त्यापायी झोप आणि नोकरी गमावत असेल, तर तो मंत्रचळाने आजारी आहे. घरात कोणी गेले, नापास झालो, प्रेमभंग झाला, की माणूस खिन्न होतोच. ती खिन्नता दिवसच्या दिवस, निदान दोन आठवडे सतत राहिली, भूक, झोप, गोडी सारे घेऊन गेली, रोजचे काम अशक्य करू लागली, की तिला आजार समजून उपचार करावे लागतात. म्हणजे किती, किती काळ आणि जगण्याला कितपत अडथळा, या तीन गोष्टी पाहायच्या. शिक्षकाने हे तीन प्रश्न वर्गात पहिल्याच दिवशी, स्वतःचे उदाहरण देऊन सांगितले, तर दहांतल्या आठांची भीती जागच्या जागी उतरेल.

पण मंडळी, उरलेल्या दोघांचे काय? माझे खरे सांगणे इथून पुढे आहे.

अमेरिकेत झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे आढळले की, ज्यांना आयुष्यात केव्हा तरी मनोविकार होतो त्यांच्यापैकी निम्म्यांना तो चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीनचतुर्थांशांना चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेला असतो. आपली मुले वैद्यकाला जातात ती अठराव्या वर्षी, आणि पदवी घेऊन बाहेर पडतात तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी. ज्या वयात ती हे रोग पुस्तकात वाचतात, त्याच वयात हे रोग खरोखर उगवतात. म्हणून प्रत्येक शंकेला "पुस्तक वाचून झालेला आजार" म्हणून हसणारा शिक्षक बहुतेक वेळा बरोबर असतो, आणि ज्या एका वेळी तो चुकतो ती वेळ एका मुलाच्या जन्माची असते.

अशी एक वेळ मी जवळून पाहिली. जिची गोष्ट आहे तिची परवानगी घेऊन, आणि गाव-नाव बाजूला ठेवून, ती सांगतो.

आमच्या शहरातल्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा माझा एक स्नेही. त्याची मुलगी हुशार निघाली आणि वैद्यकीय महाविद्यालयात गेली. साऱ्या वस्तीने पेढे खाल्ले. त्यांच्या घरात एक दुःख होते. मुलीची आत्या तरुणपणीच एकटी बडबडू लागली होती. घरच्यांनी 'बाहेरची बाधा' म्हणून तिला देवस्थाने फिरवली आणि शेवटी मागच्या खोलीत ठेवली. मुलीने तिला लहानपणापासून पाहिलेले. मनोविकारांच्या वॉर्डात तिने जेव्हा स्किझोफ्रेनियाचे रोगी पाहिले तेव्हा तिला पहिल्यांदा कळले की आत्याच्या बाधेला नाव आहे. दुसऱ्या दिवशी पुस्तकात वाचले की आनुवंशिकतेचा यात भाग असतो. त्या रात्रीपासून झोप गेली. खोलीत एकटी असताना कोणी हाक तर मारली नाही ना, म्हणून ती कान लावून बसू लागली. कान लावून बसणाऱ्याला हाका ऐकू आल्यासारख्या वाटतातच.

धीर करून ती शिक्षकांकडे गेली. ते चारचौघांत हसून म्हणाले, "दर वर्षी एक तरी असा निघतोच. पुढच्या महिन्यात त्वचारोग शिकवतील, तेव्हा खरूज होईल!" सारे हसले. तीही हसली. त्यानंतर दोन महिने ती कोणाशी काही बोलली नाही. आधी मेसमध्ये जाणे सुटले, मग वर्ग सुटले. चाचणी परीक्षेला ती बसलीच नाही, तेव्हा घरी कळले.

बाप माझ्याकडे आला. "भाऊ, तुमचं ऐकेल ती." मी फोन केला. काय बोललो ते आज या सभेत सांगताना मला लाज वाटते, तरी सांगतो. मी म्हणालो, "पोरी, तुझ्या बापाने वीस वर्षे उभ्याने लेथ चालवली ती कशासाठी? मन घट्ट कर आणि अभ्यासाला लाग." ती "हो काका" म्हणाली. मी फोन ठेवला आणि बापाला सांगितले, झाले काम.

मंडळी, माझा सगळा जन्म एका वाक्याशी भांडण्यात गेला आहे. यंत्रात बोट गेले की मालक म्हणतो, कामगार निष्काळजी. धुळीने छाती भरली की म्हणतो, कामगाराची प्रकृतीच नाजूक. यंत्राला जाळी आहे का, धूळ काढायला पंखा आहे का, हे तो विचारीत नाही. आणि मी, संघटनेचा माणूस, त्या पोरीशी नेमकी मालकाची भाषा बोललो. तुझे मन नाजूक आहे, ते घट्ट कर. ती 'हो काका' म्हणाली ते मला पटवून घेण्यासाठी नव्हते, मला कटवण्यासाठी होते, एवढेही मला कळले नाही.

तिला वाचवले ते वॉर्डातल्या मावशीने. मुलगी जिन्याच्या पायरीवर बसलेली दिसली. मावशीने "काय झालं?" असे विचारले नाही. "जेवलीस का?" असे विचारले. डब्यातली अर्धी भाकरी दिली आणि स्वतःहून म्हणाली, "मी इथं लागले तेव्हा सहा महिने मला घरी गेल्यावर पण वॉर्डातले आवाज ऐकू येत्यात असं वाटायचं. नवऱ्याला सांगितलं नाही. म्हटलं, नोकरी सोडायला लावेल." दोन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी त्या मुलीला 'मलाही' असे म्हटले होते. ती रडली. मावशीने तिला एका निवासी डॉक्टरबाईंकडे नेले.

तपासणीत काय निघाले ते महत्त्वाचे आहे. तिला स्किझोफ्रेनिया नव्हता. डॉक्टरबाईंनी तिला समजावले की आई, बाप किंवा सख्खे भावंड रोगी असले तरी शंभरातल्या साधारण दहांनाच तो होतो, नव्वदांना होत नाही. आत्यासारख्या लांबच्या नात्यात तर धोका त्याहून पुष्कळच कमी. पण तिला उदासविकार मात्र खरोखर झाला होता, आणि चांगला मुरला होता. म्हणजे भीती खोटी होती आणि दुखणे खरे होते. शिक्षकांची थट्टा अर्धी बरोबर होती. त्या बरोबर असलेल्या अर्ध्याने चुकीचा अर्धा झाकून टाकला. औषधे आणि बोलणे असे दोन्ही उपचार झाले. एक सत्र बुडाले. आज ती डॉक्टर आहे, आणि तिच्या आत्यालाही उतारवयात का होईना, औषध मिळू लागले आहे.

ही एका मुलीची गोष्ट झाली. ती एकटी आहे का? २०१६ साली जगातल्या ४३ देशांतल्या पाहण्या एकत्र करून एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांपैकी शंभरात सुमारे २७ जणांत उदासविकार किंवा त्याची लक्षणे आढळली, सुमारे ११ जणांच्या मनात जीव देण्याचे विचार येऊन गेले होते. आणि ज्यांच्यात लक्षणे आढळली त्यांतल्या शंभरातल्या साधारण १६ जणांनीच उपचार घेतले होते. ज्यांच्याभोवती चोवीस तास डॉक्टर, औषधे, खाटा आहेत, त्यांतले चौऱ्याऐंशी उपचाराविना! आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाचा अहवाल २०२४ साली आला. त्यात पदवीच्या २५,५९० विद्यार्थ्यांनी आपणहून उत्तरे दिली होती. त्यांतल्या २७.८ टक्क्यांनी आपल्याला मनोविकाराचे निदान झाले असल्याचे सांगितले. आपणहून उत्तर देणाऱ्यांत दुखावलेले अधिक असू शकतात, हे धरूनही हा आकडा लहान नाही.

ही मुले बोलत का नाहीत, याचा शोध मला अनपेक्षित ठिकाणी लागला. लंडनच्या एका शिकवणाऱ्या रुग्णालयात परिचारिका होणाऱ्या मुलींपैकी सुमारे एकतृतीयांश शिक्षण अर्धवट टाकून जात होत्या, बहुतेक आपल्याच मर्जीने. रुग्णालयाने इझाबेल मेंझीस या विदुषीला बोलावले. तिचा निबंध १९६० साली प्रसिद्ध झाला. तो मी शब्दकोश घेऊन, तीन आठवडे खपून वाचला, कारण पहिल्या काही पानांतच मला आमचे वॉर्ड दिसू लागले होते. तिने असे दाखवले की मरण, वेदना, किळस यांच्या सान्निध्याने मनात जी भीती उठते तिच्यापासून बचाव व्हावा अशाच रीतीने त्या रुग्णालयाचे सारे काम रचले गेले होते. एका परिचारिकेने थोड्या रोग्यांचे सर्व काही करायचे नाही. पुष्कळ रोग्यांचे एकेकच काम करायचे, म्हणजे कोणाचा लळा लागत नाही. रोग्याला नावाने ओळखायचे नाही, खाटेच्या क्रमांकाने किंवा बिघडलेल्या अवयवाने ओळखायचे. चूक झाली तर धीर द्यायचा नाही, शिस्त लावायची. हे कोणी दुष्टपणे ठरवलेले नव्हते. घाबरलेल्या माणसांनी पिढ्यानपिढ्या मिळून बांधलेली ती भिंत होती. पण भिंतीने भीती गेली नाही, ती आत कोंडली गेली. ज्या मुलींना माणसांची सेवा करावीशी वाटत होती, त्याच कंटाळून निघून गेल्या.

आमच्या वॉर्डातला मुलगा आठव्या दिवशी रोग्याकडे न पाहता वहीत पाहतो, ती त्याच भिंतीची पहिली वीट. अशा मुलांपैकी काही आजारी पडतात. पुष्कळ पडत नाहीत, ती डॉक्टर होतात. मग आपल्या घरातले कोणी छातीत धडधडते, जीव घाबरतो म्हणून त्यांच्याकडे गेले, की ते कागदावरून मान न उचलता म्हणतात, "काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत." आपल्याला राग येतो. त्या डॉक्टरला कधीकाळी कोणी हेच वाक्य ऐकवले होते की काय, हे आपण विचारीत नाही. म्हणून हा प्रश्न त्या मुलांचा जितका आहे तितकाच उद्याच्या रोग्यांचा, म्हणजे आपला आहे.

मग करावे काय? संघटनेचा माणूस मागण्या मांडल्याशिवाय खाली बसत नाही.

पहिली मागणी तासांची. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. आणि २०२४ साली, वर सांगितलेल्या कृतिदलाला शिफारस करावी लागली की निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांहून अधिक नसावे आणि एक दिवस सुट्टी असावी! ७४ ही जिथे सुधारणा ठरते तिथली मूळ स्थिती काय असेल, याची कल्पना करा. न झोपलेल्या माणसाला आपले मन ठिकाणावर आहे की नाही हे कसे कळणार? आणि न झोपलेला निवासी डॉक्टर खालच्या मुलाचे दुःख ऐकणार तरी केव्हा?

दुसरी मागणी बोलण्याच्या जागेची. मायकेल बालिंट हे मूळचे हंगेरीचे मनोविश्लेषक. १९५० च्या सुमारास लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये त्यांनी साध्या, गल्लीतल्या डॉक्टरांचे लहान लहान गट भरवले. त्यात औषधयोजनेची चर्चा नसे. कोणत्या रोग्याने तुमची झोप उडवली, कोणाचा राग आला, कोणाची भीती वाटली, एवढेच सांगायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. त्यांचे पुस्तक १९५७ साली निघाले आणि असे गट देशोदेशी सुरू झाले, विद्यार्थ्यांसाठीही झाले. याला इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही. आठवड्यातून एक तास, दहा खुर्च्या आणि स्वतःची भीती सांगण्याइतका मोठ्या मनाचा एक शिक्षक लागतो. शेवटची वस्तू सर्वांत दुर्मिळ, हे मी जाणतो. आणि त्या दहा खुर्च्यांपैकी एक मावशीसाठी ठेवा, हे माझे खास सांगणे. तीस वर्षे ती त्या आवाजांत आहे. तिलाही कोणी कधी विचारले नाही.

तिसरी मागणी गुप्ततेची. ज्या प्राध्यापकापुढे तोंडी परीक्षा द्यायची, त्याच्याच बाह्यरुग्ण विभागात आपले नाव नोंदवायला मुले धजत नाहीत. त्यांच्यासाठी महाविद्यालयाबाहेरचा डॉक्टर हवा, आणि त्याच्या वहीचा गुणपत्रिकेशी संबंध नसावा. मध्यरात्री आणि परगावी असणाऱ्यांसाठी १४४१६ हा सरकारी दूरध्वनी आहे. ही 'टेली मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. आपल्यापैकी कोणाचा मुलगा वसतिगृहात असेल त्याने हा आकडा लिहून घ्यावा. डॉक्टर होणाऱ्यांपुरताच तो नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे. जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरून चालावे, त्याला शिक्षा करू नये, त्याची काळजी घ्यावी, असेही तो कायदा सांगतो. कायदा एवढा पुढे गेला असता आपण "मन घट्ट कर" म्हणत मागे राहावे, हे शोभत नाही.

चौथी मागणी आपल्याकडे, आईबापांकडे आहे. पेढे वाटताना आपण मुलाच्या डोक्यावर साऱ्या वस्तीचे ओझे ठेवतो. मग त्याला 'मला जमत नाही' म्हणायला जागाच उरत नाही. फोनवर "अभ्यास कसा चालला आहे?" हे विचारण्याआधी मावशीचा प्रश्न विचारा. जेवलास का? झोपलास का? आणि उत्तर नीट ऐका.

एक आक्षेप मला ठाऊक आहे. अशाने डॉक्टर हळवे होतील, हळव्या हाताने शस्त्र चालायचे नाही. याचे उत्तर त्या मुलीनेच मला दिले. ती म्हणाली, "काका, आता एखादी बाई येऊन म्हणते, डॉक्टर, मला वेड लागेल का हो? तेव्हा मी पुस्तकातले उत्तर नंतर देते. आधी विचारते, ही भीती तुम्ही आजवर कोणाला सांगितली होती? बहुतेक सगळ्या म्हणतात, कोणालाच नाही." त्या बाया मग बोलू लागतात, आणि ती निदानापर्यंत लवकर पोचते. हात तिचा थरथरत नाही. स्वतःच्या भीतीची जिला ओळख झाली आहे, ती दुसऱ्याच्या भीतीपाशी स्वस्थ बसू शकते, एवढाच फरक पडला आहे.

त्या फोनबद्दल मी तिची माफी मागितली. ती हसून म्हणाली, "तुम्हाला तरी कोणी शिकवलं होतं, काका?" खरे होते. मला कोणी शिकवले नव्हते. अजून शिकतो आहे, आणि शिकलेले चार लोकांत सांगावे म्हणून इथवर आलो.